इन्सुलेशन टाकूनही माळा तापतोय, सिलिंग टिपकतंय? आधी घड्याळ बघा, मग थर वाढवा

दर मोसमाला तेच रडगाणं. माळ्याला इन्सुलेशन करून घेतलं, थोडे दिवस बरं वाटलं, आणि परत वरची खोली तापायला लागली, नाहीतर थंडीत सिलिंगला तेच ओले डाग, पुसले, रंग मारला, पुढच्या थंडीत परत हजर. मग ज्याला विचारावं तो म्हणतो थर कमी पडला असेल, अजून एक टाका. आणि आपण टाकतोही. मी पण टाकलाय. जाड थरावर अजून एक जाड थर, आणि फरक म्हणाल तर जवळपास शून्य, कारण गडबड थराच्या जाडीत नव्हतीच, थराच्या कडेला होती.

हे नुसतं अंदाजपंचे सांगत नाहीये, कागदावर मांडून बघा. आर व्हॅल्यू म्हणजे थर उष्णतेला किती अडवतो त्याचा आकडा, जास्त तेवढा चांगला. समजा वर आर व्हॅल्यू ५ चा थर आहे (मेट्रिकमधला ५, हे महत्त्वाचं आहे, पुढे सांगतो). म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असला की दर चौरस मीटरमधून ०.२० वॉट उष्णता जाणार. आता शंभरातली ५ टक्के जागा उघडी राहिली, कुठे वासा आणि ग्लासवूलच्या (काचेच्या तंतूंचा कापूस) मधे फट, कुठे लाइटच्या भोवती मोकळं, कुठे चढायच्या झाकणावर काहीच नाही, आणि त्या जागेची आर व्हॅल्यू धरा ०.५. सरासरी काढली की येतं ०.२९. म्हणजे फक्त ५ टक्के जागेने ४५ टक्के जास्त उष्णता आत घेतली. आता पुढची गंमत, वैतागून थर डबल केला, आर १० केला, पण फटी तशाच ठेवल्या, तर आकडा येतो ०.१९५. डबल मटेरियल घालून आपण जेमतेम तिथे पोचलो जिथे पहिलाच थर नीट बसवला असता तर फुकटात पोचलो असतो! यात फटीतून जाणारी हवा तर मी धरलीच नाहीये, ती वेगळी.

म्हणून आता कुणी माळ्याचं रडगाणं घेऊन आलं की मी जाडी विचारतच नाही, विचारतो त्रास नेमका किती वाजता होतो. भर दुपारी, रात्री दहानंतर, पहाटे, का पाऊस थांबल्यावर? निम्मं निदान तिथेच होतं.

भर दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होत असेल तर

हा प्रकार मुख्यतः किरणांचा. कडक उन्हात गडद रंगाचं छप्पर सहज ६०-७० अंशांना जातं आणि त्याचा खालचा भाग सरळ तुमच्या सिलिंगकडे उष्णता फेकत बसतो, मधली हवा तापायची वाट बघत नाही. इथे चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल खरंच कामाला येते, स्वच्छ फॉइल आपल्याकडे आलेल्या किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते आणि स्वतः तापली तरी खाली फार कमी सोडते. पण अट एकच, चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी जागा पाहिजे, निदान २० ते २५ मिलिमीटर. मी पहिल्यांदा काय केलं होतं तर फॉइलचा बबलवाला रोल घेतला आणि पत्र्याला खालून मस्तपैकी चिकटवला, आणि त्याच्या खाली लगेच प्लाय ठोकला. दोन्हीकडून चेपलेली फॉइल म्हणजे नुसता एक पातळ धातूचा कागद, ती उष्णता अडवत नाही, पुढे पास करते. राहिला ४ मिलिमीटरचा बबल, त्याची आर व्हॅल्यू साधारण ०.१. एवढ्यासाठी दोन दिवस माळ्यावर वाकून काम केलं, कंबर अजून आठवण काढते.

अजून एक, फॉइल माळ्याच्या फरशीवर चमक वर करून अंथरायची नाही. पहिल्या दिवशी चालते, मग धूळ बसते, आणि धुळीने झाकलेली फॉइल ही फॉइल राहत नाही. वाशांच्या खालच्या अंगाला लावा, चमक खाली. खाली तोंड केल्यावर जमत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं पण जमतं, कारण चकचकीत पृष्ठभाग जसा किरण घेत नाही तसाच सोडतही नाही. बाकी फॉइल एकटी पुरेल ही अपेक्षा ठेवू नका, थंडीत तर तिचा उपयोग अजूनच कमी, तेव्हा गरम हवा खालून वर चढते आणि चढत्या हवेला चमकीचं काही देणंघेणं नसतं.

दुपारी सहन होतं, रात्री मात्र भट्टी

बाहेर गार वारा सुटलाय आणि खोलीत मात्र गुदमरतंय, तर उष्णता कुठेतरी साठून बसलीय. वर काँक्रीटचा स्लॅब असेल तर गुन्हेगार तोच. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत हळूहळू खाली सोडत राहतो. त्याला खालून फॉल्स सिलिंगमध्ये इन्सुलेशन लावलं की फरक पडतो, नाही असं नाही, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. स्लॅबच्या वरून बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंगचं संरक्षण, आणि वर फिकट किंवा पांढरा रंग, असं केलं तर स्लॅब फारसा तापतच नाही. ज्यांना वरून करणं शक्य आहे त्यांनी खालून करायच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उतरतं छप्पर असेल तर हवा बघा. वळचणीकडून हवा आत आणि आढ्याकडून बाहेर असा रस्ता असला पाहिजे. नव्या इन्सुलेशननंतर त्रास *वाढला* अशी तक्रार येते तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा कुणीतरी ग्लासवूल अगदी वळचणीपर्यंत कोंबलेलं असतं आणि हवेची तोंडं बंद झालेली असतात. थराच्या वर आणि छपराच्या खाली २५ ते ५० मिलिमीटरची वाट मोकळी ठेवा, त्यासाठी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची पन्हाळी वाशांमधे आधी ठोकायची आणि मग थर टाकायचा. किती मोकळी जागा? अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० धरतात, काही अटी पाळल्या तर १/३००, म्हणजे ६० चौरस मीटरच्या माळ्याला एकूण ०.४ किंवा ०.२ चौरस मीटर, आणि हे जाळीची तार वजा करून बरं का, नुसत्या भोकाचं माप नाही. जाळी मात्र लावाच, नाहीतर त्या मऊ कापसात उंदीर संसार थाटतात.

आणि ज्यांनी माळ्याचीच खोली केलीय त्यांच्यासाठी एक जागा सांगतो जी जवळजवळ सगळे विसरतात. खोलीच्या दोन्ही बाजूला जी बुटकी भिंत उभी करतो, तिच्या मागे एक तिकोनी अंधारी पोकळी राहते. भिंतीत इन्सुलेशन भरतात, पाखाला, म्हणजे छपराच्या उताराला भरतात, पण त्या बुटक्या भिंतीच्या *खाली*, फरशीच्या तुळयांमधून ती पोकळी थेट खोलीच्या फरशीखाली उघडी असते. तापलेली हवा भिंतीला वळसा घालून पायाखाली येते. प्रत्येक दोन तुळयांमधे त्या भिंतीच्या बरोबर खाली बोर्डाचा तुकडा उभा बसवा आणि कडेने फोमचा स्प्रे मारा. कंटाळवाणं काम आहे, वाकून, टॉर्च दातात धरून करावं लागतं, पण यानं जेवढा फरक पडलेला मी बघितलाय तेवढा दुसऱ्या कशाने नाही.

पहाटे टिपकतं, पाऊस नसताना

हे गळणं नाही, हा घाम आहे. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे अगदी साधीसुधी हवा, पण ती ९ अंशांपेक्षा गार कशालाही लागली की पाणी सोडते. रात्री खोलीतली उबदार हवा फटीतून माळ्यावर चढते, गार पत्र्याला किंवा खिळ्यांच्या टोकांना लागते, थेंब होतात, आणि सकाळी ऊन आलं की टपटप. खात्री करायची असेल तर थंडीत भल्या पहाटे टॉर्च घेऊन वर जा, वरून आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर थेंब किंवा गंज दिसला की केस मिटली. बर्फ पडणाऱ्या भागात हेच बाहेरून दिसतं, छपरावरचा बर्फ मधेच वितळलेला आणि वळचणीला जाड सुळके लटकलेले.

इथे थर वाढवला तर त्रास *वाढतो*, कारण आता माळा अजून गार राहतो आणि ओली हवा मात्र पहिल्याइतकीच वर चढते. आधी फटी बंद करा. शोधायच्या कशा? जुनं ग्लासवूल उचलून खालची बाजू बघा. काळपट डाग दिसले तर घाबरून बुरशी बुरशी करू नका, बहुतेक वेळा ती धूळ असते, खालून येणारी हवा कापसातून गाळली गेली आणि घाण मागे राहिली. काळा डाग म्हणजे बरोबर त्याच्याखाली भोक आहे, एवढा फुकटचा नकाशा दुसरा मिळणार नाही. नाहीतर वाऱ्याच्या दिवशी खालून पेटती अगरबत्ती लाइटच्या कडेला, पंख्याच्या हुकाजवळ, वायरच्या पाइपाजवळ धरा, धूर ओढला गेला की खडूने खूण (फोम किंवा कापसाजवळ मात्र अगरबत्ती नको). छोट्या फटींना सीलंट, मोठ्यांना फोम, आणि धुराड्याभोवती असलं काही नको, तिथे पत्रा आणि उष्णता सहन करणारं सीलंटच.

बाथरूमचा एक्झॉस्ट कुठे सोडलाय तेही बघून घ्या. माळ्यात सोडलेला असेल तर बाकी सगळं केलेलं पाण्यात, अक्षरशः.

प्लास्टिकचा कागद लावावा का, यावर लोक भांडतात, आणि दोघंही बरोबर असतात कारण दोघं वेगवेगळ्या हवेत राहतात. ओलावा अडवणारा थर नेहमी उबदार, दमट बाजूला. थंड प्रदेशात ती बाजू आतली, म्हणून कागद सिलिंगच्या लगेच वर. दमट उष्ण हवेत आणि आत एसी असेल तर उलटं होतं, बाहेर ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असेल तर ती हवा २६ अंशांच्या वस्तूलाही पाणी सोडते, आणि एसीने गार झालेलं सिलिंग तर त्याहून थंड, मग आतल्या बाजूचा प्लास्टिक कागद म्हणजे पाणी गोळा करायचं ताट. थंड देशातला व्हिडिओ बघून दमट हवेत तसाच कागद ठोकणं ही नेहमीची चूक आहे. शंका असेल तर कागदच नको, फटी बंद करा, हवेबरोबर जाणारा ओलावा हा मटेरियलमधून झिरपणाऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

पाऊस झाल्यावर डाग येत असेल तर इन्सुलेशनचा विषयच काढू नका, छप्पर दुरुस्त करा. पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडेच टपकतं, म्हणून डागाच्या वर नाही तर उताराच्या वरच्या अंगाला शोधा. भिजून बसलेलं ग्लासवूल काढून टाका, ते परत फुगत नाही.

मटेरियल कुठलं

सगळे इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. जाडी मीटरमध्ये घ्या, पॅकवर लॅम्डा म्हणून जो आकडा असतो (मटेरियल किती सहज उष्णता नेतं ते) त्याने भागा, आली आर व्हॅल्यू. ग्लासवूल, रॉकवूल (तसंच, पण दगडाच्या तंतूंचं) ०.०३५ ते ०.०४० च्या आसपास, थर्माकोल ०.०३६ धरा, पीआयआर बोर्ड (कडक फोमचा बोर्ड) ०.०२३. म्हणजे आर ५ साठी ०.०४० वालं ग्लासवूल २०० मिलिमीटर, थर्माकोल १८०, पीआयआर ११५. आता तो मेट्रिकचा घोळ: अमेरिकी पॅकवरचा आर वेगळ्या एककात असतो, मेट्रिकला ५.६८ ने गुणलं की तो मिळतो, म्हणजे हाच ५ तिकडे २८ होतो. २८ बघून खूश व्हायचं नाही आणि ५ बघून नाराज व्हायचं नाही, एकक बघा.

माळा नुसता अडगळीसाठी असेल तर थर फरशीवर, तुळयांमधे, साधं ग्लासवूल उत्तम, जागा भरपूर असते मग महागडा बोर्ड कशाला. माळ्यात राहायचं असेल तर थर पाखाला, वाशांमधे, तिथे जाडी मिळत नाही म्हणून बोर्ड. थोडं इथे थोडं तिथे करू नका, एक रेघ ठरवा आणि ती कुठेही न तुटता पूर्ण करा. रॉकवूल आगीला चांगलं, १००० अंशांपर्यंत टिकतं आणि पत्र्यावरच्या पावसाचा आवाजही दाबतं. थर्माकोल आणि फोम उघडे ठेवायचे नाहीत, आतल्या बाजूने जिप्सम बोर्ड हवाच. आणि एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही, थर्माकोल पीव्हीसीच्या वायरला टेकवून ठेवायचा नाही, वायरच्या आवरणातला मऊपणा थर्माकोल हळूहळू ओढून घेतो आणि काही वर्षांनी वायर कडक होऊन तडकते. मधे पाइप घाला. सॉल्व्हंटवालं चिकटवायचं लिक्विडही त्याला चालत नाही, विरघळून खड्डे पडतात.

जुन्या घराच्या माळ्यावर करड्या-सोनेरी चमकदार दाण्यांचा थर सापडला तर हात लावू नका, ते व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज असू शकतं. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतला असा माल वर्षानुवर्षं घरोघरी गेला आणि त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर फुप्फुसाला घातक असे बारीक तंतू) होतं, खाण १९९० साली बंद झाली पण माळे तसेच आहेत. झाडायचं नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही, तपासून घ्यायचं.

बसवताना

मेन स्विच बंद, हे पहिलं. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये सरकारी योजनेत घाईघाईने माळे इन्सुलेट करताना चार तरुण कामगार गेले, तिघं विजेच्या धक्क्याने आणि एक उष्माघाताने. फॉइल विजेला वाट देते आणि धातूचा स्टेपल वायरमधून गेला तर अख्खी फॉइल जिवंत होते. उष्माघाताचंही तितकंच खरं, म्हणून काम पहाटे, आणि खाली एक माणूस पाहिजेच. पाय फक्त तुळईवर, मधे जिप्समवर पडला तर तुम्ही खालच्या खोलीत. पूर्ण बाह्या, मास्क, गॉगल, नंतर गार पाण्याने अंग धुवायचं, चोळायचं नाही.

ग्लासवूलचा तुकडा मापापेक्षा १०-१५ मिलिमीटर रुंद कापा म्हणजे घट्ट बसतो, कडक बोर्ड उलट थोडा लहान कापा आणि कडेची फट फोमने भरा. वूल दाबायचं नाही, २०० चं दाबून १२० मध्ये घातलं की आतली अडकलेली हवा गेली आणि हवा हेच तर खरं इन्सुलेशन. पहिला थर तुळयांमधे, दुसरा आडवा, तुळयांवरून, कारण लाकूड वूलच्या तिप्पट उष्णता नेतं आणि लोखंडी सेक्शनचं तर विचारूच नका. काही वूलच्या एका बाजूला ओलावा अडवणारा कागद चिकटवलेला असतो, दुसऱ्या थराला तसलं नको. वायर थराखाली गाडू नका, वरून घ्या. सिलिंगमध्ये रुतलेले लाइट झाकायच्या लायकीचे नसतील तर चारी बाजूंनी ७५ मिलिमीटर सोडा, किंवा सरळ ते बदलून पातळ एलईडी लावा, झाकलं तरी चालेल असं ज्यांच्यावर लिहिलंय ते, कारण ती सोडलेली जागा म्हणजे परत आपली ५ टक्क्यांची गोष्ट.

चढायचं झाकण शेवटी करतो म्हणून सगळे सोडून देतात. त्याच्या पाठीवर बोर्ड चिकटवा, कडेने रबराची पट्टी, आणि दोन कड्या ज्यांनी झाकण पट्टीवर दाबून बसेल, नुसत्या वजनाने ते कधीच नीट बसत नाही.

झालं की मोजा. इन्फ्रारेड गन असेल तर चकचकीत फॉइलवर सरळ रोखू नका, ती फॉइलचं नाही तर समोरच्या गोष्टींचं तापमान दाखवते, आधी फॉइलवर काळ्या टेपचा तुकडा लावा आणि त्यावर रोखा. सिलिंगवर संध्याकाळी एक चक्कर मारा, सगळीकडे जवळपास सारखा आकडा आला पाहिजे, जिथे दोन-तीन अंश उडी दिसेल तिथे वर जाऊन बघा. माझ्याकडे शेवटची उडी झाकणाच्या एकाच कोपऱ्यात होती, रबराची पट्टी तिथे बोटभर तोकडी कापली गेली होती.